ओवाळनीतले बाबा

मायी ननंद जयवंता हिच्याबद्दल चांगलं बोलाची वेळ मायावर येईन, असं मले कधी वाटलं नव्हतं. लगनाच्या दुसऱ्याच दिवशी तिनं मायी वांग्याची भाजी चाखली अन् साऱ्या पाव्हन्याइदेखत इचारलं, "तुया माहेरी मीठ महाग हाये काय वं, चंचल?" तवापासून आमचं असंच चालते. ती टोमना मारते, मी उलटा मारते, अन् मंग दोघी बसून चहा पितो. आमी तिले अक्का म्हनतो. आदिलाबादेत मोठ्या बहिनीले असंच म्हनते सारे, मराठी असो का तेलुगू.

अक्काचं सासर बेल्याले. घरी कापूस, जवारी, एक बैलजोडी अन् उद्धवरावासारखा गरीब नवरा. गरीब म्हनजे स्वभावानं. त्या घरात आवाज एकटीचाच. आमी राह्यतो मावल्यात, आदिलाबादेले लागूनच. आमचे सासरे भगवंतराव भाजीपाला पिकवत अन् बजारात बसून इकत. त्याइच्या पोरानं, म्हनजे आमच्या मालकानं, खुरपं सोडून कॅमेरा धरला. देवानंद त्याइचं नाव. मी नेहाचे पप्पा म्हनते, कारन नेहा आमची पोरगी. ते हैद्राबादले शिकते. रोडावर आमचा छोटासा फोटो स्टुडिओ हाये. सासऱ्याइले जाऊन बरेच वर्षं झाले. सासू हाये, राहीबाई. तिले सारी गल्ली मायच म्हनते.

आता आमच्या घरची एक रीत सांगाच लागते, नाई त पुढचं काही समजनार नाई. भाऊबीजेले बहीन ओवाळते तवा ताटात साडी टाका का काही टाका, पन त्या सालच्या पिकाचं मूठभर बी टाकाच लागते. वांग्याचं असो, कारल्याचं असो. सासरे म्हनत, "सारं बी एका घरात ठेवू नोको. घराले काय होईन सांगता येत नाई. बहिनीच्या घरी हाये त मंग हाये." एकदा उंदरानं आमचं सारं बी खाल्लं होतं, तवा त्याइच्या बहिनीच्या घरून कारल्याचं बी माघारी आलं अन् मांडव भरून गेला. हे ते जेवताना नेहमी सांगत.

ते गेले अन् वावर आमी मक्त्यानं दिलं. त्या भाऊबीजेले नेहाच्या पप्पानं ताटात नुसती साडी टाकली. अक्कानं साडी उचलून खाली पाह्यलं. "बी कुठी हाये?"

"अक्का, पीकच नाई त बी कुठचं टाकू?"

"उपाशी राह्यतो काय तू? तुयं पीक आता फोटो. मंग फोटोचं बी टाक."

आमी दोघं हासलो. पन ती ताट खाली ठेवे ना. दिव्यातलं तेल सरून राह्यलं होतं अन् तिकडे उद्धवरावाइले भूक लागली होती. शेवटी यांनी खिशातला पेन ड्राइव्ह काढून ताटात टाकला. तवा कुठी बाईनं पुढचं ओवाळलं.

मंग ते दरसालचं झालं. सालभराचे घरचे फोटो, लगनं, बारसे, सारं भरून ताटात टाकायचं. वरून तिची अट: "पहिले बाबा टाक, मंग दुसरं." मायी चिडचिड व्हायची ते दरसाल नवीन घ्या लागे म्हनून. म्या एकदा तोंडावर म्हटलं, "अक्का, मांगच्या सालचा आन ना. पुसून त्याच्यातच नवीन भरून देतो."

"ओवाळनीत टाकलेलं माघारी मांगते काय वं? मंग साडीबी ने वापस. धुऊन पुढच्या साली टाक."

  ती ते सारे बियाच्या डब्ब्यात ठेवे, एकेक फडक्यात बांधून, कडुनिंबाचा पाला घालून. दिवाळी झाली का शेजारच्या बायाइले बोलवून एकामांगं एक टीव्हीले लावे. मी म्हनत जाओ, बेल्यात टाकीज उघडली आमच्या अक्कानं.

त्याच्यात बाबा कोनते, ते सांगते. नेहाच्या पप्पानं पहिला व्हिडिओ कॅमेरा घेतला तवा तो चालते का नाई पाहाले ते बजारात गेले होते. बाबा दुधी भोपळ्याच्या ढिगामांगं बसले हाये. बाजूले अक्का, माहेरपनाले आलेली, तराजू धरून. केस काळेभोर. बाबा कॅमेऱ्याकडे पाह्यते, "हे चालू हाये काय रे?" म्हनते, अन् मंग गळा साफ करून बोलते, "राही, मले उशीर होईन वं. तू जेवून घे. मायी वाट नोको पाहू." अन् लगेच एका गिऱ्हाइकाचा हात वांग्यावरून बाजूले करते, "दाबू नोको, दाबू नोको." झालं. एवढाच व्हिडिओ.

पन त्या एवढ्यावर आमचं घर चालू होतं, हे मी खरं सांगते. मायचं डोकं दोन-तीन सालात चाळनी झालं. सकाळचं दुपारी राह्यत नाई. यांना कधी देवा म्हनते, कधी भाऊ म्हनते. एक मात्र पक्कं राह्यलं: मालकाच्या आधी जेवाचं नाई. ताट वाढलं का म्हने, "ते बजारातून आले नाई अजून. कसं जेवू?" बाबा गेले हे सांगाची सोय नाई. सांगतलं त ते दररोज नवी रांडमुंड व्हायची अन् दररोज तसंच रडायची. एका दिवशी यांनी सहज टीव्हीवर तो व्हिडिओ लावला. मायनं ऐकलं, "तू जेवून घे." "बरं," म्हटली अन् ताट ओढलं. तवापासून दुपारी वाढायचं, टीव्ही लावायचा, बाबा बोलायचे, माय जेवायची. औषधाच्या गोळ्या बी त्याच्यावरच पोटात जात.

म्हनून यांना धास्ती लागली, का हे हरवलं त कसं. आदिलाबादेत नागेशचं कम्प्युटरचं दुकान हाये. त्यानं नीट समजावून सांगतलं. पेन ड्राइव्ह न्याआनाले बरा, सांभाळून ठेवाचं काम त्याचं नाई. हार्ड डिस्क मोठी अन् सस्ती, पन पोटात चकती फिरते, आपटली का गेली. एसएसडी महाग, आपटली तरी सहसा काही होत नाई, पन सालोसाल करंटबिगर कपाटात पडून राह्यली त तिचाबी भरोसा नाई. म्हनून दोन जातीच्या दोन घ्या, अन् तिसरी कॉपी घराबाहेर कुठी तरी ठेवा, क्लाउडवर म्हना का दुसऱ्या गावाले म्हना. यांनी एक हार्ड डिस्क घेतली, एक एसएसडी घेतली. दोन्हीत सारं भरलं. फुकटातलं क्लाउड नेहाच्या फोटोनं कधीचंच भरलं होतं, अन् तिसऱ्या कॉपीचं ते म्हनाले, "पाहू पुढच्या इतवारी." आमच्या घरात पुढच्या इतवारावर ढकललेलं काम नातवाच्या लगनाले होते.

अन् मंग दसरा आला. गल्लीत बतकम्माचा सन, फुलाइचा ढीग मांडून पोरी त्याच्याभोवती टाळ्या वाजवत फिरून राह्यल्या. नवमीले आमच्या घरी हत्याराइची पूजा. सासऱ्याइचं खुरपं, विळा, तराजू, मापं मायच धुते. डोक्यातलं सारं गेलं तरी हे काम तिच्या हातात राह्यलं हाये, म्हनून आमी तिलेच करू देतो. यांनी कॅमेरा पाटावर मांडला अन् त्याच्या बाजूले दोन्ही डिस्का ठेवल्या. "याच्यावरच आपलं पोट हाये," म्हनाले, अन् हार आनाले गेले. मी घरात पुरन वाटून राह्यली होती.

बाहेर आली त माय मोरीपाशी बसलेली. कॅमेरा जड म्हनून तो वाचला. दोन्ही डिस्का तिनं चिंच लावून घासल्या, बादलीत बुडवून काढल्या, पदरानं पुसल्या अन् वायर लावाच्या भोकात वलं हळद-कुंकू भरलं. चकचक करून राह्यल्या होत्या. माय मले म्हने, "देवाचे हत्यारं लय मळले होते वं. कोनी धूतच नाई."

मायवर कोनी रागावन काय अशा वेळी.  हे आले अन् घाईघाईत त्यांनी दुसरी चूक केली. वली डिस्क तशीच कम्प्युटरले लावली. चट् असा आवाज आला अन् वास सुटला. दुसरी मंग जवारीच्या डब्ब्यात पुरून ठेवली, पानी ओढन म्हनून. नागेशनं दोन्ही उलट्यासुलट्या करून पाह्यल्या. "एक जळली, भाऊ. दुसरीच्या पोटात पानी गेलं. हैद्राबादले पाठवू, निघालं त निघालं, पन महिना तरी लागन." मंग हळूच म्हने, "दोन घेतल्या ते बरोबर केलं. पन दोन्ही एकाच पाटावर काऊन ठेवल्या?"

टीव्हीले लावत ते बी त्यातलीच एक डिस्क, अन् कम्प्युटरमधलं जागेसाठी पुसलेलं. जुना फोन बदलून टाकलेला. कॅमेऱ्याचं कार्ड दहादा पुसून वापरलेलं. म्हनजे बाबा गेले, दुसऱ्यांदा.

दुपारी ताट वाढलं. मायनं टीव्हीकडे पाह्यलं, दाराकडे पाह्यलं. "ते आले नाई अजून." यांनी बाहेर जाऊन फोन लावला अन् बाबाचा आवाज काढून म्हनाले, "राही, तू जेवून घे." मायनं फोन मले वापस देला. "देवा हाये. थट्टा करते." त्या दिवशी नुसता चहा गेला पोटात. दुसऱ्या दिवशी दोन घास मी जबरदस्तीनं चारले, ते तिनं थुकून देले अन् मायाकडे अशी पाह्यली का मी तिच्या हातून पाप करून घेऊन राह्यली. ओठ सुकले. गोळ्या तशाच पडून. डॉक्टर म्हने, खात नसन त भरती करा, नळीतून देऊ. नेहाचे पप्पा अंगनात जाऊन रडले. मानसाले रडताना पाहाची मले सवय नाई.

म्या अक्काले फोन लावला. सारं सांगतलं. तिकडून ती एकच बोलली, "दम धर वं. मी येते."

कापसाची वेचनी ऐन भरात होती. वावरात बाया लावलेल्या तशाच सोडून सकाळच्या पहिल्या बसनं ती आली. डोक्याले रुमाल, साडीले कापसाचे तंतू, अन् छातीशी तो बियाचा डब्बा. आल्याबरोबर पहिले मलेच बोलली. "दोन दिवस झाले अन् मले आता सांगतं काय? मी काय मेली होती?" मले त्या बोलन्याचा राग आला नाई. उलट बरं वाटलं, का आता कोनीतरी आलं.

तिनं फडकी सोडली. कडुनिंबाचा पाला, भेंडीचं बी, अन् त्याच्यात आमचे पेन ड्राइव्ह अन् एक लहानी डिस्क. यांनी पहिले डिस्क लावली, मांगच्या सालची. सारं निघालं, नेहाचा वाढदिवस निघाला, बाबा नाई. मान खाली घालून हे म्हनाले, "अक्का, दोन-तीन साल झाले मी बाबाले टाकलं नाई. दरसाल तेच ते काऊन टाकाव वाटलं." अक्कानं डिस्क काढून बाजूले ठेवली. ती बोलली असती त बरं झालं असतं.

मंग पहिलावाला पेन ड्राइव्ह. टीव्हीनं ओळखच देली नाई. दुसरा, तोबी तसाच मेलेला. माय खाटेवर डोळे मिटून पडली होती. तिसरा लावला. पडद्यावर कोनाचं तरी बारसं आलं, मंग आमच्या घरचा गनपती आला. मी देवाचं नाव घ्याले लागली, पन कोनत्या देवाचं घ्याव तेबी सुचे ना. यांनी यादीत मांगं जाऊन सारं नीट पाह्यलं. वरच्या टोकाले, सगळ्याइच्या पहिले, तो दुधी भोपळ्याचा ढीग होता. पहिले बाबा, मंग दुसरं.

"हे चालू हाये काय रे?" बाबा बोलले.

मायनं डोळे उघडले.

"राही, मले उशीर होईन वं. तू जेवून घे. मायी वाट नोको पाहू."

माय उठून बसली. "मंग वाढा ना," म्हने. "किती वेळची बसली मी." म्या वरन-भात कालवून आनला. अर्धं ताट गेलं. गोळ्या गेल्या. "दाबू नोको, दाबू नोको," बाबा म्हनत होते अन् माय हासत होती. अक्का भिताडाले टेकून खाली बसली अन् तिनं आपल्या पदरानं तोंड झाकलं. मी जाऊन तिच्या पाया पडली. ती म्हने, "मीठ बरोबर हाये काय वं भातात?" अन् दोघी रडलो.

तवापासून आमी शहाने झालो. नागेशनं तो पेन ड्राइव्ह तिथल्या तिथं उतरवून घेतला. एक हार्ड डिस्क घरी, कपाटात. एक एसएसडी टीव्हीले, ते दररोज चालते. क्लाउडची जागा इकत घेतली, पासवर्ड नेहाजवळबी हाये अन् यांच्याजवळबी. अन् एक कॉपी बेल्याले, अक्काच्या डब्ब्यात. महिन्यातून एकदा साऱ्या उघडून पाह्यतो, चालते का नाई. अन् पूजेच्या पाटावर आता एकटा कॅमेरा बसते. हैद्राबादले पाठवलेल्या डिस्कमधून मांगून काही फोटो निघाले, काही गेले. गेले त गेले. जे पायजे होतं ते एका भांडखोर बाईनं परत करायले नाई म्हटलं म्हनून राह्यलं. मी तिचं देनं लागते अन् ते फिटाची मायी इच्छाबी नाई.

भाऊबीजेले दरसाल आमी बेल्याले जातो. औंदा मायले नेता येत नाई म्हनून अक्काच इकडे आली. दुपारची वेळ होती. माय टीव्हीपुढे बसलेली, बाबा बोलून झाले होते, ताट समोर होतं. अक्का बाजूले बसून घास करून देत होती अन् माय निमूट खात होती. मंग मायनं तिच्याकडे निरखून पाह्यलं अन् इचारलं, "तुमी कोनाच्या वं बाई?"

अक्काचा हात थांबला. मी सैपाकघराच्या दारात फोन धरून होती. मले वाटलं, आता हे बाई काय बोलते. पन ती एवढंच बोलली, "मी बेल्याची."

"बेल्याची?" मायचा चेहरा फुलला. तिनं टीव्हीकडे बोट दाखवलं. तिथं काळ्याभोर केसाची अक्का तराजू धरून हासत होती. "थे पाहा मायी जयवंता. बेल्यालेच देली हाये. लय भांडते, पन लय जीव हाये तिचा मायावर. तुमाले भेटली त सांगा तिले, माय जेवली म्हना. ते काळजी करत बसते."

"सांगते," अक्का म्हटली. अन् पुढचा घास केला.

संध्याकाळी ओवाळताना यांनी ताटात नवीन डिस्क टाकली. अक्कानं नेहमीसारखं इचारलं, "पहिले बाबा टाकले ना?"

"औंदा बाबा दुसऱ्या नंबरावर हाये," म्या म्हटलं. दुपारी सैपाकघराच्या दारातून मायाच फोननं व्हिडिओ घेतला होता तो, घासासगट, शब्दासगट. "पहिले तू हायेस, अक्का. तुया मायचा निरोप घेऊन."

 ताट धरून ती तशीच उभी राह्यली, अन् म्या तिच्या हातातल्या दिव्यात तेल घातलं.